गावपळणीचा पाहुणा

देवाने उजवा कौल दिला. म्हणजे यंदा गावपळण होणार. आमच्या ह्यांनी ही बातमी अंगणात वहाणा काढता काढता सांगितली आणि मला न विचारता पुढचंही ठरवून टाकलं. "ह्या टायमाक शालनचो नि आपलो एकच माटव घालूया. वर सगळे एक झाले, आता आपण कित्याक येगळे ऱ्हवाचे?"

मी तांदूळ निवडत होते. निवडतच राहिले. लग्न होऊन या गावात आल्यापासून मी ह्यांच्या पुष्कळ गोष्टींना मान डोलावली, पण ह्यांच्या या 'वर' शब्दाशी, म्हणजे पक्षाच्या पुढाऱ्यांशी, माझं कधी जमलं नाही. वर भांडले की ह्यांनी खाली भांडायचं, वर हसले की ह्यांनी खाली हसायचं. मधे जी माणसं चेंगरतात त्यांचं काय करायचं, ते वरून अजून कळवलेलं नाही.

गावपळण म्हणजे काय ते बाहेरच्या माणसाला सांगायला गेलं की तो आपल्याकडे जरा संशयानेच बघतो. आचऱ्याची गावपळण मोठी, तिचं नाव सगळीकडे; आमची त्या मानाने लहान. रीत मात्र तीच. भातं झोडून झाली, सकाळी गवतावर दव दिसायला लागलं, की दर तीन-चार वर्षांनी देवाला विचारून सगळं गाव घराबाहेर पडतं. माणसं, गुरं, कुत्री, कोंबड्या, सगळ्यांनी वेशीबाहेर जायचं. तीन दिवस तीन रात्री माळावर, व्हाळाच्या म्हणजे ओढ्याच्या काठाने, माडाच्या चुडतांचे, झावळ्यांचे माटव घालून राहायचं. मागे गावात चूल पेटता कामा नये, दिवा दिसता कामा नये, माणसाचं पाऊल पडता कामा नये. कशासाठी, याचं उत्तर ज्याला विचारावं त्याचं वेगळं. कोणी म्हणतं देवाला गावात एकट्याने फिरायचं असतं, कोणी म्हणतं रोगराई जाते. मला विचाराल तर बायकांना तीन दिवस उंबरठा झाडावा लागत नाही, एवढं कारण पुरे आहे.

माझ्या मनात गावपळण आहे ती आधी वासाची. नुकत्या तोडलेल्या चुडतांचा ओला हिरवा वास, त्यात तीन दगडांच्या चुलीचा धूर, आणि त्या धुरावर भाजलेला सुका बांगडा. उकड्या तांदळाची पेज तीच, पण माळावर तिला चव वेगळी येते. गोधडीखालून जमिनीचा गारठा पाठीला लागतो. आणि सगळ्यांत विलक्षण म्हणजे आपल्याच गावाची शांतता आपण बाहेरून ऐकतो. एरवी ज्या दिशेने कोणाचा तरी पंप, कोणाची तरी हाक, देवळातली घंटा ऐकू यायची, तिथून काहीच येत नाही. पहिल्या गावपळणीत मला त्या शांततेची भीती वाटली होती. शालन तेव्हा म्हणाली होती, "भिया नको गो, आपणच नाय थय, मगे कोण भांडतलो?"

शालन आमची शेजारीण. दोन घरांच्या मधे चिऱ्यांचा एक कमरेएवढा गडगा, आणि विहीर दोघींची मिळून एक. तिचा नवरा लवकर गेला. तेव्हा तिचा महेश अजून रांगत होता. आम्हाला मूलबाळ नाही, त्यामुळे महेशवर आमचाही अर्धा हक्क आहे असं आम्ही धरूनच चाललो होतो, आणि शालननेही कधी ना म्हटलं नाही. पाठीला सुके नारळ बांधून त्याला त्याच विहिरीत पोहायला शिकवलं ते ह्यांनी. पहिल्यांदा नारळाशिवाय सोडला तेव्हा ह्यांनीच जास्त पाणी प्यायलं. गावपळणीत आमच्या दोन घरांचा माटव एकच असायचा, चूल एकच आणि भांडणाचं कारणही एकच, की आमटीत आंबटाला सोलं किती घालायची.

मग मागची गावपळण आली. तिची आठवण काढायची तर मला आधी जिपांचे आवाज आठवतात. निवडणूक तोंडावर होती. एरवी उमेदवारांना घरोघर, वाडीवाडीत, पायवाटा तुडवत फिरावं लागतं. इथे अख्खं गाव एका माळावर आयतं येऊन बसलेलं. मग काय विचारता? सकाळी सत्तेतल्या साहेबांची गाडी, दुपारी विरोधातल्या भाऊंची. आजवर माटव पडायचे ते वाडीवाडीचे. त्या वर्षी पहिल्यांदा ते पक्षांचे पडले. व्हाळाच्या अलीकडे साहेबांची माणसं, पलीकडे भाऊंची. आमचे हे साहेबांचे जुने कार्यकर्ते, तेव्हा आम्ही अलीकडे. महेश विशीतला, रक्त गरम, तो भाऊंच्या मागे. तेव्हा शालन पलीकडे. मोहल्ल्यातल्या हलिमाने तेवढं शहाणपण दाखवलं. तिने माटव घातला तो बरोब्बर व्हाळावरच्या छोट्या पुलाजवळ, साकवाजवळ, मधोमध. विचारलं तर म्हणते, "दोनय बाजूचे लोक आमचे मासे खातत."

व्हाळ काही मोठा नाही. शालनने फोडणीत काय टाकलं ते मला अलीकडे वासावरून कळत होतं. पण पलीकडे जायला मी दोन दिवस घेतले, आणि गेले तेव्हाही कोण बघतंय का ते आधी पाहिलं. आज ते आठवलं की हसावं की रडावं कळत नाही. कोणाचं सरकार येणार होतं, कोणाचं जाणार होतं, आणि मी वाटीभर सोलकढी पदराखाली लपवून नेत होते.

तिसरा दिवस सरला, देवाने परतायचा कौल दिला, आणि सगळं गाव गुराढोरांसकट आत शिरलं. शिरलं ते थबकलंच. दारादारावर झेंडे लावलेले होते. भाऊंच्या पक्षाचे. आमच्या दारावर, शालनच्या दारावर, हलिमाच्या दारावर, शाळेच्या फाटकावर, इतकंच काय, देवळासमोरच्या दीपमाळेलाही एक. म्हणजे रिकाम्या गावात कोणीतरी पाऊल टाकलं होतं. बायकांनी पोरांना जवळ ओढून घेतलं. देवाची मोडलेली गावपळण आपल्या जन्मात कोणी पाहिली नव्हती.

त्याच दुपारी देवळात गाव जमलं. झेंडे भाऊंचे, तेव्हा बोटं भाऊंच्या पोरांकडे. आणि मग आमचे हे उठले. सभामंडपातल्या खांबाला हात लावून म्हणाले, "मी माज्या डोळ्यांनी बगितलंय. दुसऱ्या दिवशी सकाळी महेश गावाच्या कडेक, व्हाळार हुतो."

महेश जागच्या जागी म्हणाला, "गायची पाडी पळाली हुती घराकडे. मी वेशीच्या भायर उबो ऱ्हवान तिका साद घालत हुतंय. गावात पाय ठेवलंय नाय. देवाक इचारा."

देवाला विचारायला कोणी तयार झालं नाही. पक्षाच्या भानगडीत देवाला कशाला ओढायचं, म्हणाले मानकरी. देवाला आधीच दीपमाळेपर्यंत ओढलेला होता, ते कोणी बोललं नाही. मग तोड निघाली की महेशने एक नारळ ठेवावा, चुकलो म्हणावं, विषय संपला. महेश नारळ ठेवेना. जे केलंच नाही ते कबूल करायचं, हे त्याच्या गळी उतरेना. "जेणा केल्यान तो ठेवांदे नारळ," एवढंच म्हणून तो देवळातून उतरला.

त्याला कोणी वाळीत बीत टाकला नाही. तसलं काही आमच्या गावात होत नाही, असं आम्ही सगळे सांगतो. फक्त पुढच्या पालखीला त्याने खांदा पुढे केला तेव्हा दुसऱ्या कोणीतरी आधीच दिलेला होता. फक्त कबड्डीच्या संघात त्याचं नाव राहून गेलं. दोन-तीन महिने त्याने हे 'फक्त' मोजले असावेत. मग एका सकाळी पिशवी घेऊन तो गोव्याला गेला, म्हापशाला गॅरेजमध्ये लागला. जाताना आईला सांगून गेला की ज्या गावात पाय ठेवला नाही असं मी सांगितलं आणि कोणी मानलं नाही, त्या गावात आता पाय ठेवणार नाही. शालनच वर्षातून दोनदा त्याच्याकडे जाऊन येते. गणपतीतसुद्धा तिच्या घरची आरती शेजारपाजारची माणसं म्हणतात.

आम्हा दोघींचं बोलणं बंद झालं नाही. गप्पा-गजाली बंद झाल्या. पाणी वर आलं, पाणी खाली गेलं, दोरी बदलायला झाली, एवढं विहिरीवर होत राहिलं. मला ते न बोलण्यापेक्षा जास्त बोचायचं. भांडली असती तर बरं, असं मला कितीदा वाटलं. भांडायला ती तयारच नव्हती. आणि ह्यांच्याबद्दल मी मनाशी म्हणायची, उचलली जीभ लावली टाळ्याला, दुसरं काय; पण दिसलं तसं सांगितलं, मुद्दाम नव्हे. संसार करायचा तर बाईला असलं काहीतरी म्हणावंच लागतं.

यंदा गणपती गेले आणि साहेब नि भाऊ एक झाले. म्हणजे भाऊ सरकारात गेले. काल-परवापर्यंत एकमेकांच्या सात पिढ्या काढणारी ही माणसं फलकांवर गालाला गाल लावून हसायला लागली. मला समेटाचं वावडं नाही. आपलीच माणसं एकमेकांसमोर उभी ठाकलेली बघण्यापेक्षा कोणाच्या तरी गळ्यात कोणीतरी पडलेलं बरं, असं माझं मत. बाजारपेठेत दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांनी एका बाकावर चहा प्यायला तेव्हा मला खरंच आनंद झाला. एका बाकावर बसायला त्यांनी वरच्यांची वाट पाहिली, याचं तेवढं वाईट वाटलं.

मग सभागृहात दोघांचा मिळून सत्कार ठेवला. आम्ही गेलो. भाऊंच्या पक्षातल्या बायका शालनलाही गाडीत घालून घेऊन आल्या होत्या. तिचं घर त्यांच्यासाठी निष्ठावंतांचं. ती आमच्या पुढच्या रांगेत, हातात पेढ्याचा पुडा. साहेब बोलायला उभे राहिले. रंगात आले. भाऊंच्या खांद्यावर हात टाकून म्हणाले, "आता भाऊ घरचेच झाले, म्हणून सांगायला हरकत नाही. मागच्या गावपळणीत ह्यांचे झेंडे दारोदार लागले होते ना, ते ह्यांच्या पोरांनी नव्हे हां. आमची चार पोरं बाहेरून गाडी घेऊन गेली आणि लावून आली. भाऊ, तुमच्या झेंड्याचा इतका प्रचार तुम्हीसुद्धा कधी केला नव्हता."

भाऊंनी मांडीवर थाप मारली. "माका तेवाच संशय इल्लो. आमची पोरां येवडी कामाची नाय."

सभागृह हसलं. साहेबांनी हात जोडून वर पाहिलं आणि म्हणाले, "देवाला नारळ ठेवला हां आम्ही मागाहून, गुपचूप." लोक पुन्हा हसले. मी ह्यांच्याकडे बघितलं. हेही हसत होते. साहेब बोलले की हसायचं, ही इतक्या वर्षांची सवय. मग काय ऐकलं ते डोक्यात शिरलं असावं, कारण चेहरा तसाच राहिला आणि आतून हसू निघून गेलं. पुढच्या रांगेत शालन उठली. पेढ्याचा पुडा खुर्चीवर ठेवला आणि मागे न बघता चालत बाहेर गेली.

मला त्या दिवशी राग आला तो अजून उतरलेला नाही. यांनी भांडण मिटवलं, त्यात आमचं पोर कुठे आहे? ज्याच्या नावावर पाप टाकून एकाने मतं मागितली, ज्याला दुसऱ्याने साधी साक्षसुद्धा दिली नाही, तो म्हापशात गाड्यांखाली आडवा पडून पाने फिरवतोय, आणि इथे त्याच्या आयुष्याची गंमत सांगून पेढे खातायत. देवाशी यांनी कधीच मिटवून घेतलं होतं. माणूस तेवढा राहिला.

घरी आल्यावर मी म्हटलं, "महेशाक फोन करा."

"काय सांगू फोनार?" हे म्हणाले. "राजकारणात असा चलताच." आणि गुरांना वैरण घालायला गेले. गुरांना वैरण मी आधीच घातली होती.

म्हणून मी म्हणते, एका माटवाची ही कल्पना ह्यांना कुठून सुचली ते मला पक्कं ठाऊक आहे. एक वाक्य बोलायचं टाळायला माणूस काय वाटेल ते कष्ट उपसतो. माडावर चढेल, चुडतं ओढेल, खांब पुरेल. तरी ह्यांचा निरोप घेऊन मी गडग्यापाशी गेले. शालन पलीकडे शेणी थापत होती.

"घाला," ती म्हणाली. "वायच मोटो घाला. महेश येतलो."

मी तिच्याकडे बघतच राहिले. "तो गावात येवचो नाय म्हणालो हुतो मां?"

"गावात खंय येता? गावच भायर जाता." आणि हात तसेच शेणाचे ठेवून ती कित्येक वर्षांनी माझ्याकडे बघून हसली.

तो आला. वेशीबाहेरच्या थांब्यावर एसटीतून उतरला, पाठीला पिशवी, दाढी वाढलेली, बोलण्यात गोव्याचा हेल. माटवात वाकून शिरला आणि माझ्या पाया पडला. मला काही सुचेना म्हणून मी पेजेचा टोप खाली उतरवला आणि पुन्हा चढवला. तीन दिवस मी इतकी सुखात होते की मला सुखाचीच भीती वाटत होती. सोलांवरून आम्ही पुन्हा भांडलो. हलिमा सुक्या सुंगटाची, कोळंबीची चटणी घेऊन आली आणि हललीच नाही. ह्यांनी तर कमालच केली. त्याला चांगली गोधडी, त्याला ताजा सरंगा मासा, त्याला ऊन लागतं म्हणून एक चुडत जास्त. सगळं दिलं. एक गोष्ट सोडून.

दुसऱ्या दुपारी दोघं व्हाळावर मासे साफ करत बसले होते. मी वरच्या अंगाला भांडी घासत होते, पाणी थोडं, आवाज स्वच्छ येत होता. हे म्हणाले, "जाला गेला विसार रे. तेवा माका तसाच वाटला."

महेश माशाचे खवले काढतच राहिला. "काका, तेवा तुमका पाडी दिसली हुती?"

ह्यांनी हातातला मासा पाण्यात धुतला. मग हे म्हणाले, "दिसली."

"मगे देवळात पाडीचा कित्याक नाय सांगितलास?"

माझ्या हातातलं भांडं तसंच राहिलं. दिसलं तसं सांगितलं, असं मी इतकी वर्षं म्हणत आले होते. ह्यांना पाडी दिसली होती. ती साद घालणाऱ्या पोरासमोर, वेशीच्या आत उभी असलेली दिसली होती, आणि देवाच्या खांबाला हात लावून ह्यांनी तेवढीच वगळली होती. खोटं एक अक्षर बोलले नाहीत. साहेबांची निवडणूक तोंडावर होती.

महेशचा आवाज चढला नाही. "माका तुमचो राग नाय, काका. तुमीच माका पोवाक शिकवलास. पण देवळात सांगितलास, ता देवळातच परत घेवा. मगे मी चलत गावात येतंय."

शेवटच्या दिवशी परतायचा कौल झाला. वेशीवर साहेब आणि भाऊ दोघांच्या तोंडांचा एक फलक लागला होता, गावकऱ्यांचं स्वागत करणारा. आमचंच गाव, आणि स्वागत त्यांचं. माणसं डोक्यावर गाठोडी घेऊन आत निघाली. महेश माटवाच्या तोंडाशी बसून राहिला. म्हणाला, "देवळातसून सांगणा इला तर येतंय. नाय तर दुपारची गाडी आसा." शालन त्याच्याजवळ बसली. मी ह्यांच्या मागोमाग देवळात गेले.

साहेब आणि भाऊ पुढे खुर्च्यांवर होते. गाऱ्हाणं, म्हणजे गावाने मिळून देवाला घालायची विनवणी, सुरू झालं. "बा देवा म्हाराजा, ज्या काय चुकला माकला आसात ता पोटात घाल, आणि तुज्या सगळ्या लेकरांक एका इचारान ऱ्हवाची बुद्धी दी म्हाराजा." हे त्याच खांबाजवळ उभे होते. मी बघत होते. ह्यांनी घसा खाकरला. हात वर गेला, खांबाला टेकला. साहेबांनी सहज मान वळवून बघितलं, ओळखीचं हसले. आणि ह्यांनी सगळ्यांच्या सुरात सूर मिसळला, "व्हय म्हाराजा."

मी बोलले असते. पण महेशला माझं बोलणं नको होतं, ह्यांचं हवं होतं.

माळावर परत गेले तेव्हा मला काही सांगावं लागलं नाही. शालनने माझा चेहरा बघितला आणि महेशच्या पिशवीत आंबोळ्या बांधायला घेतल्या. तो मला म्हणाला, "काकी, माटव बरो हुतो." गाडी वेळेवर आली. ती गेल्यावरही आम्ही दोघी थांब्यावर उभ्या होत्या, कारण गावाकडे तोंड करायला जीव होत नव्हता.

मग माळावर परतलो, तर कोयता घेऊन हे आले, माटव उतरवायला. आमच्याकडे न बघता चुडतं ओढायला लागले. शालन त्यांच्याजवळ गेली. मला वाटलं, आता एवढ्या वर्षांचं सगळं बाहेर पडणार. ती नेहमीच्या आवाजात म्हणाली, "भावोजी, खांब तोडू नका. जपान ठेवा. फुडल्या गावपळणीक तो परत येतलो. तवसर इचार करा."

ह्यांनी कोयता बाजूला ठेवला. एकेक खांब हाताने हलवून उपटला, माती झाडली आणि खांद्यावरून घरी आणला. आता ते आमच्या पडवीत भिंतीला टेकून उभे आहेत. येता-जाता ह्यांना दिसतात, मला दिसतात, आणि गडग्यापलीकडून शालनलाही दिसतात.